बाटलीत राहिलेलं मेण

कझाखस्तानातल्या मांगिस्ताउच्या तेलाला तेल म्हणणं म्हणजे त्याचे फाजील लाड करणं आहे. जमिनीतून वर येतं तेव्हा ते गरम असतं, पातळ असतं, मुकाट वाहतं. पण जरा गारठा लागला की बुटाच्या पॉलिशसारखं घट्ट होऊन बसतं. त्यात मेण असतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. त्यामुळे ते नळातून लांब न्यायचं तर वाटेत ठिकठिकाणी भट्ट्या लावून तापवत न्यावं लागतं. ऐन हिवाळ्यात नळ थांबला आणि आतलं तेल थिजलं, की मग तो नळ राहत नाही, मैलोन्‌मैल लांबीची मेणबत्ती होते.

अशी मेणबत्ती उलमेकेनने एकदा पाहिली होती. ती प्रयोगशाळेत नवीन लागलेली असताना एक छोटी शाखा गोठली, आणि गावातले पुरुष वसंत येईपर्यंत उघड्या माळावर नळाचे तुकडे कापत बसले. तेल अजून दम धरेल असा आकडा ज्याने दिला होता, तो साखीप नावाचा रसायनतज्ज्ञ पुढे त्याच गावात म्हातारा झाला. लोक त्याला सलाम करत, लग्नाला बोलवत, पानात मानाचा तुकडाही वाढत. पण त्याला कुणी काही विचारत नसे. उद्या वारा पडेल का, एवढंसुद्धा नाही. उलमेकेनला गोठलेल्या नळाची भीती वाटायचीच. पण त्याहून जास्त भीती त्या माणसासारखं होऊन बसण्याची वाटायची.

साखीपनंतर त्याच्या जागेवर तीच आली. तिचं यंत्र शिवणयंत्राएवढं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला छोटी भट्टी म्हणत. त्यात नखाएवढ्या दोन ॲल्युमिनियमच्या वाट्या शेजारीशेजारी बसत, एक रिकामी आणि एकीत तेलाचा थेंब. दोन्ही आधी चांगल्या तापवायच्या आणि मग अगदी सावकाश, एकसारख्या गतीने गार करत न्यायच्या. थेंबात मेणाचा पहिला कण धरला की त्यातून इवलीशी ऊब बाहेर पडते. रिकाम्या वाटीतून पडत नाही. हा फरक यंत्र पकडतं आणि पडद्यावरची सपाट रेघ टेकडी चढायला लागते. रेघ जिथे पहिल्यांदा मान वर करते, ते मेण धरण्याचं तापमान. टेकडी जितकी मोठी, तितकं मेण जास्त. थांबलेल्या नळात तेल किती वेळ तग धरेल, याचा हिशेब उलमेकेन त्या टेकडीवरून मांडायची, आणि तिने सांगितलं की माणसं नळ कापायला घ्यायची. इतकं साधं होतं ते, आणि इतकं जोखमीचं.

नमुन्याच्या बाटल्या पंपिंग स्टेशनांवरून गाडीने येत. गाडीत जाड लोकरी नमद्याचं अस्तर लावलेली एक पेटी असे. इंजिन चालू असेपर्यंत ती गरम राही, इंजिन बंद झालं की तीही बंद. बाटली हातात घेताना ड्रायव्हरला एक प्रश्न विचारायचाच, असा तिथला रिवाज होता: वाटेत बाटली गार पडली का? नाही म्हणाला तर लगेच थेंब काढायचा. हो म्हणाला तर अख्खी बाटली बूच लावून गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवायची, हलवायची, आणि मगच थेंबाला हात लावायचा. कारण गार पडलेल्या बाटलीत मेण काचेला चिकटून बसतं आणि वर उरतं ते नुसतं गोंडस, पातळ तेल. उलमेकेन हा प्रश्न अशा काही आवाजात विचारायची की तरुण ड्रायव्हर तिला पाठीमागे 'इन्स्पेक्टर' म्हणत.

एका ड्रायव्हरला मात्र ती हा प्रश्न कधीच विचारत नसे. ते तिचे थोरले दीर होते.

कझाखांच्या घरात धाकट्या भावाची बायकोही सूनच, आणि सून सासरच्या थोरामोठ्यांचं नाव घेत नाही. त्यांना आपल्या मनाने दुसरं नाव ठेवते. लग्न होऊन आली तेव्हा उलमेकेनने या उंच, नीटनेटक्या माणसाला मिर्झा-आगा असं नाव ठेवलं, म्हणजे खानदानी थोरले भाऊ. पुढे गावानेही तेच उचललं. तिचा नवरा सेरझान रस्त्यावरच्या अपघातात गेला तेव्हा पोरं लहान होती. घरातल्या बैठकीत कुणी म्हणालं, आता हिने नोकरी सोडून सासूपाशी राहावं. मिर्झा-आगांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सांगून टाकलं की ती प्रयोगशाळेत जाईल, पोरांना शाळेत मी सोडीन. आणि सोडलं, रोज, मोठी होईपर्यंत. अशा माणसाला तोंडावर प्रश्न विचारायचा म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा ती त्यांच्या बायकोला, कमारला, विचारायला लावी. त्यांनी बाटली आणली की ती दोन्ही हातांनी घ्यायची, नजर खाली ठेवायची, आणि 'गार पडली का?' या रकान्यापुढे स्वतःच 'नाही' लिहायची. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच दिसलं नसतं.

त्या जानेवारीत कोसकुदुक स्टेशनाजवळ नळाचं एक वळण झिजून पातळ झालं होतं. नळ थांबवून तो तुकडा बदलायचा होता आणि त्यासाठी दोन जोड लावायचे होते. दोन्ही जोड एकाच थांब्यात उरकता आले तर बरंच. नाहीतर एक जोड, मग नळ चालू, मग पुन्हा थांबा, असा दुप्पट व्याप. त्यातच त्या आठवड्यात दुसऱ्या क्षेत्राचं पातळ तेल नळात मिसळलेलं होतं, त्यामुळे जुना आकडा उपयोगाचा नव्हता. स्टेशनचा प्रमुख बेकेत सकाळपासून फोनवर फोन करत होता. बाहेर हाडं फोडणारी थंडी, वेल्डर अंगावर फरचे कोट चढवून उभे, आणि सगळ्यांची नजर उलमेकेनच्या एका आकड्यावर.

मिर्झा-आगा जरा उशिराच आले. बाटली हाताला उबदार लागत होती. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, 'नाही' लिहिलं आणि थेंब काढला.

रेघेने मान वर केली ती छत्तीस अंशांवर. पंचेचाळीसच्या वर येईल असं तिला वाटत होतं. टेकडीही बसकी होती, तिच्या ओळखीच्या टेकड्यांच्या निम्मी. ती क्षणभर पडद्याकडे बघत राहिली. मग मनाशी म्हणाली, पातळ तेल मिसळलंय ना, मग असंच व्हायचं. मनाला समजवायचं म्हटलं की कारण नेहमी हाताशी असतंच, आणि त्या दिवशी साऱ्या गावाला हेच कारण हवं होतं.

तिने फोन करून सांगितलं की तेल अंधार पडेपर्यंत दम धरेल, दोन्ही जोड एकदम घ्या.

"ताई, तुमच्या तोंडात लोणी पडो," बेकेत म्हणाला, आणि त्यांनी नळ कापला.

दुपार कलली तेव्हा ती उबेला ठेवलेल्या बाटलीतलं उरलेलं तेल साठवणीच्या रिकाम्या डब्यात ओतायला उठली. तेल ओतलं, पण बाटली काही हलकी होईना. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. काचेच्या एका बाजूला, खांद्यापासून तळापर्यंत, तिरका, तपकिरी, बोटभर जाड थर बसला होता. गाडी उतारावर उभी असताना जसा बसेल तसा. तिने काडीने टोकरलं. थर मऊ होता, पण सुटत नव्हता.

पातळ तेल मिसळलं तर मेण उशिरा धरेल, कबूल. पण मेण नाहीसं कसं होईल? टेकडी निम्मी का होती ते आता दिसत होतं. उरलेली निम्मी टेकडी तिच्या हातातल्या बाटलीला चिकटून बसली होती. आणि तिकडे माळावर नळ उघडा पडला होता, आत तेल गार होत होतं, आणि सगळे तिच्या शब्दावर निर्धास्त होते.

ती ड्रायव्हरांच्या खोलीपाशी गेली. आत पुरुष चहा पीत होते. ती दाराशीच उभी राहिली. सून अशी दारात उभी आहे म्हटल्यावर मिर्झा-आगा लगबगीने बाहेर आले. त्यांना वाटलं, घरून काही वाईट बातमी आली.

"आगा," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "बाटली वाटेत गार पडली होती का?"

"गार? पेटीत होती की."

"गाडी कुठे थांबली होती?"

"मी कशाला थांबतोय?" त्यांचा चेहरा कडक झाला. "इतकी वर्षं बाटल्या आणतोय मी. आता तू माझी उलटतपासणी घेणार?"

तिने बाटली पुढे धरली. त्यांनी त्या थराकडे पाहिलं.

"झिएनबायच्या घरी गेलो तेवढंच," ते म्हणाले. "म्हातारा वारला ना परवा. त्याच्या दारावरून तसाच पुढे जाऊ? आत जाऊन चार शब्द बोललो, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. याला काय थांबणं म्हणतात?"

"आणि इंजिन?"

"सुतकी घराच्या दारात इंजिन घरघरत ठेवू? आतमध्ये बायका रडतायत आणि बाहेर माझी गाडी..." बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा बाटलीतल्या थरावर गेली.

ते खोटं बोलले नव्हते. आमच्या माळावर 'वाटेत थांबलास का' असं विचारलं तर सुतकी घरी जाणं कुणीच मोजणार नाही. मोजलं तर उलट लोक नावं ठेवतील. किती वेळ बसलात, एवढंच तिने विचारलं. ते म्हणाले, रडणं चाललेलं असताना मध्येच कसं उठणार?

आता खरं काय ते कळायला अख्खी बाटली तापवायला हवी होती, आणि त्यात दिवस मावळला असता. तोवर गप्प बसता आलं असतं. कदाचित तेल दम धरेल, कदाचित वेल्डर लवकर उरकतील, कदाचित कुणाला कधीच काही कळणार नाही. उलमेकेनच्या मनात हे सगळं आलं. आलं नाही असं म्हणणं तिच्यावर उगाच देवपण लादणं होईल. मग तिला साखीप दिसला, लग्नाच्या पंगतीत मानाने बसलेला आणि कुणी काही न विचारलेला. तिने कॉरिडॉरमधल्या फोनकडे धाव घेतली.

"बेकेत, मी दिलेला आकडा खोटा आहे."

त्याने विचारलं, "खरा कोणता?"

"अजून माहीत नाही. जुन्या तेलाचा वेळच धर. त्याच्याहून थोडा कमीच धर."

"मग वेळ संपलाच की, ताई. एक जोड झालाय, दुसऱ्याची तोंडंसुद्धा अजून जुळलेली नाहीत." त्याचा आवाज खाली आला. "तरीच. मघापासून नळावरचे उंट उठून चाललेत."

हिवाळ्यात उंट पुरलेल्या नळाच्या वरच्या मातीवर रांगेने बसतात, कारण तिथे ऊब असते. ते उठले म्हणजे खालची ऊब गेली. त्यापुढे काही सांगायची गरज नव्हती. बेकेतने ओरडून वेल्डरांना हुकूम दिले, वाफेचे होज मागवले, आणि परत फोनवर आला तो पेटलेलाच. हे झालं कसं? नमुना कुणी आणला? नियंत्रण कक्ष सगळं ऐकतोय, नाव हवं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "बाटली गार पडली होती. मी विचारलं नाही."

"ते झालं. आणणाऱ्याचं नाव सांगा."

तिने तोंड उघडलं. नाव तिला माहीत होतं, रोज गाडीच्या दारावर वाचत होती. पण इतक्या वर्षांत ते तिच्या जिभेवर एकदाही आलं नव्हतं. पोरांच्या शाळेत काकांचं नाव विचारलं तेव्हा तिने ते पोरांनाच सांगायला लावलं होतं. बेकेत पुन्हा म्हणाला, "नाव, ताई."

मागून एक हात आला आणि त्याने तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"नुरमागांबेत बोलतोय," मिर्झा-आगा म्हणाले. "नमुना मी आणला. इंजिन मी बंद केलं. सुनेला माझं नाव घेता येत नाही, म्हणून मीच घेतलं. आता मला शिव्या घालायच्या त्या उद्या घाल. आधी जोड लाव."

फोन ठेवून ते कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. घरी जा असं त्यांना म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

उलमेकेनने तेल परत बाटलीत ओतलं, बूच घट्ट केलं आणि बाटली गरम पाण्यात बुडवली. ती हलवायची, उजेडात धरायची, पुन्हा बुडवायची. थर हळूहळू कडेने विरघळत होता, आणि तिला वाटत होतं की याच वेगाने तिकडे नळात तो जमतोय. काच स्वच्छ झाल्यावर तिने थेंब काढला. यंत्राला घाई नसते, आणि त्या दिवशी तिने यंत्राला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कुणा माणसाला कधी घातल्या नसतील. शेवटी रेघेने मान वर केली. सत्तेचाळीस. टेकडी उभीच्या उभी, तिच्या ओळखीची.

तिने फोन लावला तेव्हा दुसरा जोड नुकताच झाला होता. बेकेत पंप सुरू करत होता, आणि फोन कानाशी धरूनच तो दाबाचे आकडे सांगू लागला. दाब वाढत होता. तेल हलत नव्हतं. दाब आणखी वाढला. नळ जुना होता. किती दाब सोसेल हे दोघांनाही ठाऊक होतं आणि काटा त्या खुणेकडे चालला होता. कॉरिडॉरमध्ये मिर्झा-आगा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

"खुणेपाशी आलाय," बेकेत म्हणाला. "ताई, ढकलू की सोडू? ढकललं आणि फुटलं तर संपलं. सोडलं तर इथेच गोठेल."

आपला आकडा एकदा खोटा ठरलाय, हे उलमेकेनला आठवत होतं. तरी तो तिलाच विचारत होता, हेही तिच्या लक्षात आलं.

"सत्तेचाळीस खरा आहे," ती म्हणाली. "तेल धरलंय, पण अजून दगड झालेलं नाही. दाब वाढवू नकोस आणि सोडूही नकोस. आहे तिथेच रेटून धर. थोडं थोडं मोडेल ते."

"किती वेळ?"

"मोडेपर्यंत."

फोनमधून पंपाची घरघर येत होती, मध्येच कुणाचा तरी खोकला. तिने डोळे मिटले नाहीत, देवाचं नावही घेतलं नाही. ती फक्त ऐकत होती. मग घरघरीचा सूर बदलला. बेकेत हळूच म्हणाला की काटा थरथरतोय. मग म्हणाला, उतरतोय. आणि मग त्याच्या मागून दुसराच कुणीतरी म्हणाला, "हललं."

उलमेकेन भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.

मिर्झा-आगा तिथेच उभे होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सूनबाई, विचारायचं होतंस."

"हो."

"विचारलं असतंस तर मी रागावलो असतो."

"माहीत आहे."

"तरी विचारायचं," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

दोघांनाही लेखी समज मिळाली आणि ती फलकावर शेजारीशेजारी लागली. उलमेकेनला वाटलं, आता आगा बाटल्या आणायचं सोडतील. पण पुढच्या नमुन्याला तेच आले. तिने बाटली दोन्ही हातांनी घेतली, मान वर केली, आणि चार ड्रायव्हरांच्या देखत विचारलं, "वाटेत गार पडली का?"

आणि मिर्झा-आगा खरोखरच रागावले. इतके की 'नाही' हा एक शब्द टेबलावर आपटल्यासारखा टाकून ते तडक बाहेर पडले. त्या आठवड्यात ते चहाला फिरकले नाहीत. कमारकडून निरोप मात्र आला की हल्लीच्या सुनांना शिंगं फुटलीत. पुढच्या खेपेला तिने पुन्हा विचारलं. ते पुन्हा रागावले. ड्रायव्हरांना याची गंमत वाटू लागली, आणि मग हळूहळू सवयही झाली. तो हिवाळा असाच गेला, ती विचारायची आणि ते चिडून 'नाही' म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी ते खरंच नाही असायचं.

बर्फ वितळायच्या सुमारास एकदा ते आले तेव्हा बाटली देण्याआधी जरा घुटमळले. उलमेकेन उठून पुढे आली. तिने तोंड उघडायच्या आतच ते, नजर दुसरीकडे ठेवून, रागातच म्हणाले, "हो. गार पडली. एका घरी जावं लागलं. तापवून घे."

"बरं, आगा," ती म्हणाली, आणि गरम पाण्याचं भांडं शेगडीवर चढवायला गेली.